सांगलीच्या काळ्या मातीत जास्वंद कशी लावावी

चतुर्थीच्या सकाळी सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर जास्वंदीच्या फुलाचा भाव विचारला, की दारात एक झाड असावं असं हमखास वाटतं. रोपवाटिकेत जायची गरज नाही. शेजाऱ्यांकडून एक फांदी मागून घ्या. मागताना साध्या पाच पाकळ्यांची लाल जास्वंदच मागा. दुहेरी फुलांची, पिवळी-केशरी संकरित झाडं दिसायला देखणी असतात, पण त्यांचे लाड फार करावे लागतात.

जून-जुलैत, हवा दमट असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडा. ती अगदी कोवळी हिरवी नको आणि जुनाट लाकडीही नको. वीतभर लांबीचा तुकडा घेऊन खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली, तिरका द्या. शेंड्याची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि ठेवलेली पानंही अर्धी कापा. दोन-तीन डोळे मातीत जातील इतकं खोल खोचून कुंडी सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. तग धरलाय का हे बघायला फांदी उपटू नका. नवी पालवी वाढायला लागली की समजायचं, मुळं आली.

खरी गोम मातीत आहे. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि जास्वंदीच्या मुळांना ते सोसत नाही. म्हणून दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन त्यात निम्मी माती, बाकी मुरूम आणि कुजलेलं शेणखत भरा. जागा थोडी उंचवट्यावर असू द्या आणि दिवसाला पाच-सहा तास तरी ऊन हवं. पाटण-महाबळेश्वरकडच्या तांबड्या मातीत निचऱ्याची ही काळजी कमी, पण खत जास्त लागतं.

आपल्याकडे आणखी एक त्रास हमखास दिसतो. पान पिवळं पडतं, पण शिरा हिरव्याच राहतात. ऊसवाले याला केवडा म्हणतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. युरिया टाकत बसू नका. त्याने पालाच माजतो.

फुलं नव्या फुटीवर येतात, हे कळलं की निम्मं काम झालं. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला छाटणी शिकवावी लागत नाही, इथेही तोच हिशेब. थंडी सरली की झाड एक तृतीयांश खाली घ्या. पुढे वर्षभर शेंडे खुडत राहा. ज्यांना जीव लावून वाढवलेली फांदी कापवत नाही, त्यांच्या झाडाला उंची मिळते, फुलं मिळत नाहीत.

शेंडे आखडून गोळा झाले आणि त्यात कापसासारखं पांढरं दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण. तेवढे शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरमागे ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून फवारा. खोडावरच्या मुंग्याही हटवा, त्या या किडीला राखतात. ही कीड द्राक्षावरही जाते, म्हणून द्राक्षबागेच्या बांधाला जास्वंद मुळीच लावू नये.

तेलासाठी दहा-बारा फुलं सावलीत पूर्ण सुकवा. ओल राहिली तर तेल खवट होतं. पाव लिटर खोबरेल तेलात मंद आचेवर, बुडबुडे थांबेपर्यंत तापवून गाळा. केस मऊ राहतात. टकलावर केस उगवण्याची हमी मात्र बाटली विकणाऱ्यानेच द्यावी.

सरबतासाठी न फवारलेली पाच-सहा लाल फुलं घ्या. हिरवा देठ आणि मधला दांडा काढून पाकळ्यांवर उकळतं पाणी ओता. दहा मिनिटांनी गाळून साखर घाला आणि लिंबू शेवटी, मुलांसमोर पिळा. जांभळट पाणी बघता बघता लालभडक होतं. त्याच पाण्याच्या वेगळ्या पेल्यात खायचा सोडा टाकला तर ते हिरवट होतं. तो पेला अर्थात प्यायचा नाही.

पूजेला सकाळी लवकर टवटवीत फूल हवं असेल, तर आदल्या संध्याकाळी फुगलेली, रंग दिसू लागलेली कळी खुडून ओलसर फडक्यात ठेवा. पाण्यात ठेवायची गरज नाही, सकाळी ती आपोआप उमलते.