‘शो युअर वर्किंग’: इंग्लंडच्या शाळेतलं गणित, घरून मदत करणाऱ्यांसाठी

साताऱ्याहून आम्ही रेडिंगला आलो तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता, म्हणजे इथल्या भाषेत इयर नाईन. आजोबांनी तिसापर्यंत पाढे घोकून घेतलेले, त्यामुळे गणिताची काळजी मला मुळीच नव्हती. पहिल्या आठवड्यात शाळेने चाचणी घेतली आणि त्याला चौथ्या सेटमध्ये बसवलं. सेट म्हणजे त्या विषयापुरती, तयारी बघून केलेली तुकडी; पहिला सेट सगळ्यात वरचा. मी दोन रात्री धुमसले आणि तिसऱ्या दिवशी पेपर बघायला मागितला. पोराने पाच प्रश्न कोरे सोडले होते. मसावि त्याला झोपेतसुद्धा काढता आला असता, पण ‘हायेस्ट कॉमन फॅक्टर’ म्हणजेच मसावि हे मराठी माध्यमातल्या मुलाला कोण सांगणार? आणि ‘बेअरिंग’ हा शब्द त्याने फक्त सायकलच्या दुकानात ऐकलेला.

म्हणून सुरुवात शब्दांपासून करा. एक छोटी वही घ्या, डावीकडे इथला शब्द आणि उजवीकडे आपला: प्रॉडक्ट म्हणजे गुणाकार, इंटिजर म्हणजे पूर्णांक, लोएस्ट कॉमन मल्टिपल म्हणजे लसावि. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन, आणि तो तीन आकड्यांतच लिहायचा, ६५ अंश असेल तर ०६५. आमची वही महिन्याभरात भरली. सहामाहीनंतर सेट बदलला, तोही मी गणित विभागप्रमुखांना शांतपणे विचारल्यावर. भांडू नका, पण विचारायला लाजूही नका.

‘एस्टिमेट’ हा त्यातला सगळ्यात फसवा शब्द. ४.८७ गुणिले ३१.२ भागिले ०.५२, किंमत एस्टिमेट करा, असा प्रश्न होता. आमच्या पठ्ठ्याने पानभर आकडेमोड करून २९२.२ हे अगदी अचूक उत्तर काढलं आणि गुण मिळाला शून्य! प्रत्येक संख्या आधी एका सार्थ अंकापर्यंत आणायची होती: ५ गुणिले ३० भागिले ०.५, उत्तर ३००. मोठ्याने घोकलेल्या पाढ्यांचा इथे उलटा त्रास होतो, कारण हाताला नेमकं उत्तर काढायची सवय असते.

आता परीक्षेचं. इयर इलेव्हनच्या शेवटी, सोळाव्या वर्षी, जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी बोर्डाची परीक्षा. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, ती माझ्या अनुभवाबाहेरची.) बोर्ड शाळा निवडते. आमच्याकडे एडेक्सेल होतं: तीन पेपर, प्रत्येकी दीड तास, ८० गुण, एकूण २४०. पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. श्रेणी ९ ते १, त्यात ९ सगळ्यात वरची. गणितात ही आकड्यांची पद्धत २०१७ पासून आली, त्याआधी अक्षरं होती, म्हणून जुन्या शेजाऱ्यांचा सल्ला जपून घ्या. ४ म्हणजे साधारण पास. तेवढं मिळालं नाही तर पुढच्या शिक्षणाबरोबर गणितही चालूच ठेवावं लागतं.

पेपरच्या दोन पातळ्या असतात, सोपी फाउंडेशन आणि अवघड हायर. फाउंडेशनला कितीही चांगलं लिहिलं तरी जास्तीत जास्त ५ मिळतो. हायरमध्ये ९ पर्यंत जाता येतं, पण ४ हुकला तर ३ ची एकच पायरी वाचवायला असते, त्याखाली थेट ‘यू’, म्हणजे श्रेणीच नाही. पुढे ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखी पायरी) गणित घ्यायचं असेल तर हायर हवंच. पेरेंट्स इव्हिनिंगला शिक्षकांबरोबर जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात, ती ‘वर्गात मस्ती करतो का’ यात घालवू नका. तीन गोष्टी विचारा: बोर्ड कोणतं, पातळी कोणती, आणि ती कधी पक्की होणार.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यावरून आमच्या घरी खरी भांडणं झाली: वर्किंग, म्हणजे उत्तरापर्यंतच्या लिहिलेल्या पायऱ्या. इथे बरेच गुण रीतीला असतात. गुणदान पत्रिकेत (कशाला किती गुण ते सांगणारी बोर्डाची ‘मार्क स्कीम’) एम म्हणजे मेथडचा गुण आणि ए म्हणजे अचूकतेचा. समजा, २० टक्के सूट देऊन कोट ६८ पाउंडला मिळाला, तर मूळ किंमत किती? हमखास होणारी चूक म्हणजे ६८ चे २० टक्के, १३.६०, मिळवून ८१.६० लिहिणं. खरी रीत अशी: ८० टक्के म्हणजे ६८, म्हणून १० टक्के ८.५०, आणि १०० टक्के ८५. माझा मुलगा नुसतं ‘८५’ लिहून मोकळा व्हायचा. बरोबर असेल तर बहुतेक वेळा गुण मिळायचे. पण भागाकारात चुकून ८४ आलं तर हाती काहीच नाही; तेच ‘८० टक्के = ६८’ एवढी एक ओळ लिहिलेली असती तर निदान रीतीचा गुण पदरात पडला असता. ‘सगळं वर्किंग दाखवा’ असं लिहिलेलं असेल तिथे तर नुसत्या बरोबर उत्तरावर भागत नाही.

भूमितीत कारणाचे शब्दही मोजले जातात. ‘झेड अँगल’ लिहिलं की कारणाचा गुण गेला, ‘ऑल्टरनेट अँगल्स आर इक्वल’ हवं. ही वाक्यं पाठ करून घ्या, पाढ्यांसारखी. इथे आजोबांची शिस्त कामी येते.

रीत मात्र तुमची चालते. शाळेत लसावि-मसावि व्हेन आकृतीने शिकवतात: ६० आणि ८४ चे मूळ अवयव पाडायचे, मधल्या भागात सामाईक २, २, ३, म्हणजे मसावि १२, डाव्या कडेला ५, उजव्या कडेला ७, सगळ्यांचा गुणाकार लसावि ४२०. आपली शिडीची रीत लिहिली तरी परीक्षक गुण कापत नाही, फक्त पायऱ्या दिसल्या पाहिजेत. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य तेवढं गिळून टाका. मी शंभरदा तरी गिळलं असेल.

सरावाला शिकवणी लावायच्या आधी बोर्डाच्या संकेतस्थळावरचे जुने पेपर घ्या, फुकट असतात. कॉर्बेटमॅथ्सवर रोजचे पाच प्रश्न आणि छोटे व्हिडिओही फुकट मिळतात. पेपर सोडवून झाला की गुणदान पत्रिका मुलाच्याच हाती द्या आणि त्यालाच तपासू द्या. माझ्या शंभर उपदेशांपेक्षा स्वतःचा हुकलेला एम बघून तो जास्त शिकला.

कॅल्क्युलेटर शाळा सांगेल तोच घ्या, आणि घरात एकच मॉडेल वापरा. पेपरआधी ‘साइन ३०’ दाबून बघायचं. अर्धा आला तर ठीक, उणे ०.९८८ आलं तर यंत्र अंश सोडून रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, गेलंय. कोणीतरी भावंडाने बटणं दाबलेली असतात.

परीक्षेच्या सकाळी कर्कटक आणि कोनमापक पारदर्शक पाउचमध्ये ठेवा, आणि कॅल्क्युलेटरचं झाकण घरीच काढा, ते आत नेऊ देत नाहीत. पेन काळंच हवं. आम्ही साताऱ्याहून आणलेली निळ्या पेनांची अख्खी पेटी अजून कपाटात पडून आहे.