कॉलेजसाठी स्वस्त लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागतो, कॅपच्या फेऱ्या सुरू होतात आणि घराघरात लॅपटॉपचा विषय निघतो. बजेट बहुतेक ठिकाणी ३० ते ४५ हजारांच्या आसपास असतं. साध्या घराला ही रक्कम मोठीच. आईवडील पोटाला चिमटा काढून ती उभी करतात, कुणी भिशी लागायची वाट बघतं, कुणी शिष्यवृत्तीचे पैसे त्यात घालतं. म्हणून ही खरेदी चुकली की फार वाईट वाटतं. महागड्या लॅपटॉपमध्ये एखादी गोष्ट कमी पडली तरी तो रेटून नेता येतो. स्वस्तातला चुकीचा घेतला, तर दुसऱ्या वर्षीच रडायला लागतो आणि पदवी अजून निम्मी बाकी असते. बजेट न वाढवता पदवी संपेपर्यंत चालेल असा लॅपटॉप मिळतो. त्यासाठी दुकानात शिरण्याआधी थोडा अभ्यास मात्र करावा लागतो.

प्रवेश पक्का होण्याआधीच खरेदी

सेल संपतोय म्हणून जूनमध्येच लॅपटॉप घेऊन टाकायचा आणि मग ऑगस्टमध्ये शाखाच बदलायची, हे दरवर्षी घडतं. शाखेनुसार गरज खूप बदलते.

बी.कॉम.ला टॅली लागणार. टॅली प्राइम विंडोजवर चालतं, त्यामुळे स्वस्त दिसणारं क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) इथे उपयोगाचं नाही. बी.ए. किंवा एम.ए.ला मुख्य काम वाचनाचं आणि लिहिण्याचं. तिथे प्रोसेसरपेक्षा चांगला कीबोर्ड आणि डोळ्यांना त्रास न देणारी स्क्रीन महत्त्वाची. मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच असतो, भाषेच्या सेटिंगमधून तो सुरू करायचा, एवढंच.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इंजिनिअरिंगच्या नावाखाली. ‘इंजिनिअरिंग आहे ना, मग गेमिंग लॅपटॉपच लागेल’ असं दुकानात सर्रास सांगतात. पहिल्या वर्षी सी, पायथन शिकायला ग्राफिक कार्डाचा काडीचा उपयोग नाही. कॉम्प्युटर शाखेला पुढे अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अॅप बनवायचं सॉफ्टवेअर) किंवा व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर) चालवायची वेळ येते, तेव्हा कमी पडते ती रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना गूगल कोलॅब या वेबसाइटवर मर्यादित प्रमाणात जीपीयू (ग्राफिक कार्डातला प्रोसेसर) फुकट वापरता येतो. उलट आर्किटेक्चरच्या मुलांना रेव्हिट, ल्यूमियन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी ग्राफिक कार्ड खरोखरच लागतं. ४० हजारांत कसाबसा ग्राफिक कार्डवाला घेण्यापेक्षा पहिलं वर्ष कॉलेजच्या लॅबवर काढावं आणि पैसे साठवून नीट मशीन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे जातो, चार्जर वेगळा. लोकलच्या गर्दीत किंवा एसटीने रोज ये-जा करणाऱ्याच्या पाठीला ते वजन कळतं.

सीनियर मुलांना ‘कुठला लॅपटॉप घेऊ?’ असं विचारू नका. ते स्वतःकडे आहे तोच सुचवतील. ‘कुठल्या सेमिस्टरला कुठलं सॉफ्टवेअर लागलं?’ असं विचारा.

‘आय फाइव्हच पाहिजे’ हा हट्ट

इंटेलच्या प्रोसेसरच्या स्टिकरवरचा आय३, आय५, आय७ हा फक्त गट आहे. खरी ओळख त्यापुढच्या आकड्यात असते. आय५-१०३५जी१ हा दहाव्या पिढीचा, चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक स्वतंत्र काम करणारा भाग). आय३-१२१५यू हा बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा. दोन्ही शेजारी ठेवले तर हा आय३ त्या आय५च्या पुढे जातो. तरीही जुना आय५ ‘डिस्काउंटमध्ये’ म्हणून गळ्यात मारला जातो, कारण गिऱ्हाईक आकडा वाचत नाही.

एएमडीच्या रायझनमध्ये फसगत आणखी बारीक आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं नीट बघा. फरक एका आकड्याचा. दोन्हीवर रायझन ५ लिहिलेलं, दोन्ही ७००० मालिकेतले. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. तिथे २ असेल तर ती झेन २, म्हणजे २०१९ साली आलेली रचना, आणि या प्रोसेसरला कोअर चारच. तिथे ३ असेल तर झेन ३, आणि या प्रोसेसरला कोअर सहा. ७५२०यू किंवा ७३२०यू घेतलात तर रॅम बोर्डावरच जोडलेली येते, पुढे ती वाढवता येत नाही. म्हणजे ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच. ७५२०यू आणि ७५३०यू यांच्या लॅपटॉपच्या किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक असेल, तर डोळे झाकून ७५३०यू घ्या.

इंटेलच्या सेलेरॉन एन४०२०, एन४५०० यांना दोनच कोअर असतात. ब्राउझरचे दहा टॅब आणि एक ऑनलाइन लेक्चर एवढ्यानेच ते धापा टाकतात. कितीही स्वस्त मिळाले तरी पदवीसाठी घेऊ नका. एन१०० हा चार कोअरचा, त्यापेक्षा बरा. फक्त लिहिणं-वाचणं असेल आणि बजेट अगदीच ताणलेलं असेल तरच त्याचा विचार करावा.

रॅम किती, हे विचारून थांबणं

८ जीबी ही आजची किमान गरज, इंजिनिअरिंगला १६ जीबी. पण दुकानात पुढचा प्रश्न विचारायला हवा: ‘स्लॉट किती, आणि एखादा रिकामा आहे का?’ रिकामा स्लॉट असेल तर आज ८ जीबीवर भागवून वर्ष-दोन वर्षांनी आणखी ८ जीबी टाकता येते. रॅमच्या दोन सारख्या कांड्या (पट्ट्या) असल्या की प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचाही वेग वाढतो. विक्रेत्याला माहीत नसेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात ‘मेमरी’च्या ओळीत ‘सोल्डर्ड’ (बोर्डावरच जोडलेली) हा शब्द शोधा.

स्टोरेजमध्ये ‘ईएमएमसी’ दिसलं की तिथून निघा. हे मोबाइलच्या धाटणीचं संथ स्टोरेज असतं, बहुतेक वेळा ६४ किंवा १२८ जीबीचं. ६४ जीबीमध्ये विंडोज आणि ऑफिस टाकल्यावर मोठा अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही. एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची ड्राइव्ह), ५१२ जीबी, हे आता बजेटमध्ये बसतं.

इथे दोन गोष्टींनी उगाच घाबरून जाऊ नका. ५१२ जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. कंपनी १००० च्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक. तसंच ८ जीबी रॅममधली थोडी अंगभूत ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते, त्यामुळे ‘वापरण्याजोगी’ रॅम कमी दाखवते. दोन्हींत फसवणूक नाही.

स्क्रीन बाजूने न बघणं

रोज पाच-सहा तास ज्या स्क्रीनकडे बघायचं, ती दुकानात समोरून दोन मिनिटं बघून पसंत केली जाते. ती मागे झुकवा, बाजूने बघा. रंग उलटेसुलटे झाले किंवा फिके पडले तर ते टीएन पॅनेल, म्हणजे स्वस्तातला स्क्रीनचा प्रकार. बाजूनेही रंग नीट दाखवणारं आयपीएस मागा. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० च्या खाली नको. १३६६ बाय ७६८ वर पीडीएफ आणि वही शेजारी-शेजारी उघडली की अक्षरं वाचता येत नाहीत.

विंडोजशिवायचा आणि जुना लॅपटॉप

काही मॉडेल विंडोजशिवाय येतात, बिलावर ‘डॉस’ लिहिलेलं असतं. चार-पाच हजार वाचले म्हणून आनंद होतो, आणि दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणत चोरीचं विंडोज टाकतो. ते चालू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसोबत व्हायरस येतात, आणि त्याच मशीनवर पुढे तुम्ही बँकेचं काम करणार असता. उबुंटू ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम विंडोजऐवजी वापरायची तयारी असेल तर डॉसवाला लॅपटॉप उत्तम सौदा आहे. नसेल तर विंडोजसकटच घ्या.

जुन्या, कंपन्यांतून निघालेल्या लॅपटॉपच्या मी विरोधात नाही. त्यांची बांधणी आणि कीबोर्ड नव्या स्वस्त मॉडेलपेक्षा कित्येकदा सरस असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे ढीगभर मिळतात. पण विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-७२००यू त्यात बसत नाही, आय५-८२५०यू बसतो. विक्रेत्याने सातव्या पिढीवर विंडोज ११ चालवून दाखवलं, तरी ते आडमार्गाने टाकलेलं असतं. पैसे देण्याआधी मशीन बंद करून पुन्हा सुरू करा आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघा. तिथे पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून निघालेलं नाही. असा लॅपटॉप घेऊ नका. बॅटरी बदलावी लागेल, हे धरूनच भाव करा.

‘सेटअप आम्हीच करून देतो’

ही चूक सगळ्यात कमी लोकांना माहीत असते आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. विक्रेता खोका उघडतो, आणि विंडोज मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं तेव्हा घाईत स्वतःचं किंवा दुकानाचं खातं टाकतो. दहा मिनिटांत लॅपटॉप तयार. तुम्ही खूश.

पण लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसचा कायमचा परवाना ज्या खात्यावर चालू होतो, त्याच खात्याला चिकटतो. पुढे विंडोज नव्याने टाकलं की ऑफिस तेच खातं मागतं. त्याहून गंभीर म्हणजे आताच्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं, की निळ्या स्क्रीनवर ती की मागितली जाते. तोवर दुकानातला तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. की नसेल तर प्रोजेक्ट, नोट्स, फोटो, सगळं गेलं.

म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावून सेटअप स्वतः करा, स्वतःच्या ईमेलने. कॉलेजने दिलेला ईमेल इथे नको, कारण पदवी संपली की तो बंद होऊ शकतो. लॅपटॉप आधीच घेतला असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून नाव बघा. परकं नाव दिसलं आणि ऑफिस अजून चालू केलेलं नसेल, तर आजच मशीन रिसेट करून आपल्या खात्याने सुरू करा. ऑफिस चालू झालं असेल तर बिल घेऊन दुकानात जा आणि ते खातंच तुमच्या ताब्यात द्यायला लावा: पासवर्ड बदला, रिकव्हरीचा मोबाइल नंबर तुमचा टाका. त्यानंतर रिकव्हरी की कागदावर उतरवून घरी ठेवा.

हप्ते आणि वॉरंटी

‘नो कॉस्ट’ ईएमआयमध्ये व्याज असतंच. तेवढी सूट आधी दिलेली असते, इतकंच. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीने घेतला तर किती, हे आधी विचारा आणि मग ठरवा.

वॉरंटी ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्ती) आहे की सर्व्हिस सेंटरला न्यावं लागणार, हे बॅग आणि माऊस फुकट आहे का यापेक्षा आधी विचारायचं. मुलगी पुण्याला होस्टेलवर आणि घर सिंधुदुर्गात असेल, तर जिथे ती राहणार तिथलं सर्व्हिस सेंटर बघा. पाणी सांडणं, पडणं हे साध्या वॉरंटीत येत नाही. होस्टेलवर राहणाऱ्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण घेणं मला योग्य वाटतं. टाइप-सीने चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर दुधात साखर. चार्जर बिघडला तरी मित्राच्या ६५ वॉटच्या चार्जरवर परीक्षा निभावते.

घेतला, पण नवा असूनही संथ चालतोय

पहिल्या दिवशी घाबरू नका. मागे अपडेट उतरत असतात. चार्जर आणि वायफाय लावून काही तास राहू द्या, मग एकदा रीस्टार्ट करा. तरी संथ वाटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. रॅम सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर स्टार्टअपच्या यादीतले नको असलेले प्रोग्राम बंद करा. ट्रायलवर आलेला अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा पुरेसा आहे. बाहेरचं कुठलंच सॉफ्टवेअर टाकता येत नसेल, तर विंडोज एस मोडमध्ये (फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच अॅप चालू देणाऱ्या सेटिंगमध्ये) आहे. स्टोअरमधून तो फुकट बंद करता येतो, पण परत चालू करता येत नाही.

ही सगळी तपासणी रिटर्नची मुदत संपायच्या आत करा. ऑनलाइन मागवला असेल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपखालचा सीरियल नंबर जुळवा, आणि कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा. बिलाच्या तारखेच्या कितीतरी आधीची तारीख दिसली तर मशीन आधी कुणाला तरी विकलेलं असण्याची शक्यता असते. निदान वॉरंटीची तारीख तरी बिल दाखवून दुरुस्त करून घ्या. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना बिल आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवा.