रविवारी बाकावरची जागा रिकामी दिसली की

चर्चच्या मंडळीतलं कुणी रविवारच्या उपासनेला यायचं थांबलं की आपण म्हणतो, 'पाळकसाहेब बघतील.' आमच्या मंडळीत घरभेटींचं काम माझ्याकडे आहे आणि माझं मत ठाम आहे: आधी जावं ते त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं. बहकलेल्याला माघारी आणायचं काम बायबलमधल्या याकोबाच्या पत्रानं (5:19-20) सगळ्याच भावाबहिणींवर टाकलंय. पाळक घरी गेले की खुर्च्या पुसल्या जातात, पोरांना गप्प केलं जातं आणि मनातलं मनातच राहतं.

लागोपाठ दोन रविवार चुकले की निघा. वर्ष लोटलं की माणसाला यायचीच लाज वाटायला लागते.

मात्र आधी त्याची ड्युटी विचारा. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्यात रविवारी पहिली पाळी लागली तर उपासना बुडणारच. तो विश्वासातून ढळला, असं परस्पर ठरवू नका.

बसल्या बसल्या 'चर्चला का येत नाही?' असं विचारू नका. शिष्य पेत्रानं प्रभू येशूला तीनदा नाकारलं होतं. तरी योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात प्रभूनं आधी विस्तवावरची मासळी आणि भाकर पुढं केली. 'माझ्यावर प्रेम करतोस का' हे न्याहारी झाल्यावर विचारलं. मी हाच क्रम धरते. चहा घ्यायचा, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऐकायचं, घाई करायची नाही. उचगावच्या एका बहिणीनं सगळा वेळ गॅसच्या दराचं सांगितलं. मी चपला घालताना मात्र हळूच म्हणाली, "ताई, वर्गणी थकलीया ओ. यादीत नाव वाचलं तर?" एवढ्यासाठी ती घरात बसली होती! अशा वेळी उपदेश नको. 'खजिनदारांशी मी बोलते, तुम्ही पोरांना घेऊन या,' एवढं म्हणा आणि खरंच बोला.

कुणी कमिटीतल्या भांडणानं दुखावलेला असतो. त्याच्यापुढं कमिटीची वकिली करू नका, ऐकून घ्या. दारूचा विषय असेल तर गलतीकरांच्या पत्रात (6:1) सांगितलंय तसं सौम्यपणानं, स्वतःला सांभाळून बोला.

आणि ऐकलेलं पोटात ठेवा. 1852 मध्ये मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले, तेव्हापासूनची ओळखीपाळखीची घरं आपली. निम्मे एकमेकांचे सोयरे. प्रार्थनासभेत 'अमक्या भावाच्या व्यसनासाठी विनंती' म्हटलं की संध्याकाळपर्यंत मिरजेला कळतं. मग तो भाऊ पुन्हा पायरी चढत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. प्रार्थना घरी करा, नाव घेऊन करा, रोज करा.

बोलावताना 'या कधीतरी' नको. 'रविवारी तुमच्या दारात येते, बरोबरच जाऊ,' असं सांगा. चर्चमध्ये शेजारी बसवा. 'बऱ्याच दिवसांनी दिसलात!' असं कुणी मोठ्यानं म्हणायच्या आत त्यांच्या हातात गीतांचं पुस्तक द्या.

नाही म्हणाले तरी महिन्याभरानं पुन्हा जा. मधे घरचं कुणी सीपीआर दवाखान्यात ॲडमिट झालं तर डबा पोचवा, आणि त्या दिवशी चर्चचा विषय काढू नका.