नोकरी सुटलेला माणूस समोर बसतो तेव्हा: समुपदेशकाने काय करायचं

चाळिशी ओलांडलेला माणूस करिअर समुपदेशकाकडे सहसा आपणहून येत नाही. बायको नाहीतर मेहुणा पाठवतो. चाकण-भोसरीकडच्या कंपनीतली लाइन बंद झालेली असते आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "आता या वयात काय करू?" पहिल्या बैठकीत या प्रश्नाला हात घालू नका. तो सव्वा तास पैसे आणि कागदपत्रांना द्या.

कोऱ्या कागदावर त्यालाच लिहू द्या: घराचा हप्ता, फी, किराणा, औषधं, गावी पाठवायचे पैसे. महिन्याला 28,000 लागत असतील आणि हाताशी 1,12,000 असतील, तर चार महिने आहेत. पुढचं सगळं या आकड्यावर ठरतं. दोनच महिने असतील तर आधी मिळेल ती शिफ्ट धरायची आणि शोध चालू ठेवायचा. सहा असतील तर काही शिकायला सवड आहे.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीकडून सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब तिथेच करा. कायम कामगाराची सलग पाच वर्षं भरली असतील तर शेवटचा पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. 20,000 पगार आणि 14 वर्षं म्हणजे साधारण 1,61,500 रुपये. इथे पगार म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता. लोक हातात येणाऱ्या रकमेवर हिशेब करून येतात आणि मग हिरमुसतात. पीएफचं खातं समोरच उघडायला लावा. आधारवर 'बाळासाहेब' आणि खात्यावर 'बाळू' असेल, किंवा कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर दावा अडकतो. पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढायची घाई मात्र थांबवा. सात वर्षांची सेवा असताना ते काढले तर ती सात वर्षं पेन्शनच्या हिशेबातून जातात. स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा पीएफ कार्यालयाचा दाखला, घेतलं तर पुढच्या नोकरीतली वर्षं त्यात मिळवून पेन्शनला लागणारा दहा वर्षांचा टप्पा गाठता येतो.

दुसरी बैठक चार-पाच दिवसांनी. खरं काम इथे आहे.

"काय काम करत होता?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "क्वालिटीत होतो, पीस चेक करायचो." अठरा वर्षं दोन शब्दांत संपली. त्याऐवजी एकच शिफ्ट मागा: "सकाळी सातला लाइनवर पोहोचलात. पहिलं हातात काय घेतलं?" मग मापनसाधनं येतात: वर्नियर येतो, मायक्रोमीटर येतो, हाइट गेज येतो. "पीस मापात बसला नाही तर?" लाल टॅग लावायचा, ट्रे बाजूला काढायचा, ऑपरेटरला सांगायचं. "ऑपरेटर ऐकायचा?" इथे तो हसतो आणि मग खरं सांगतो: मशीन कुणी थांबवायचं यावरून वाद व्हायचे, रात्रपाळीला साहेब नसायचे, निर्णय तोच घ्यायचा, नवीन पोरांना गेज धरायला त्यानेच शिकवलं, ग्राहक कंपनीचं ऑडिट असलं की फाइल त्याच्याकडेच. तुम्ही मध्ये बोलू नका, त्याचेच शब्द जसेच्या तसे टिपा. दीड तासात दोन पानं भरतात. ती त्याला वाचून दाखवा.

त्या दोन पानांतून एका पानाचा बायोडाटा काढायचा. बहुतेकांचा जुना बायोडाटा लग्नाला चालेल असा असतो: वडिलांचं नाव, धर्म, उंची. ते सगळं काढा. वर तीन ओळी: कोणती मापनसाधनं, कोणत्या प्रकारचे सुटे भाग, हाताखाली किती माणसं. 'मेहनती व प्रामाणिक' कुणीच वाचत नाही. काम येतं पण आयटीआयचा कागद नाही, अशांसाठी आरपीएल म्हणजे आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे; त्या ट्रेडची बॅच कुठे चालू आहे, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारायचं. महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही सरकारी पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. नोंदणीसाठी किंवा 'फाइल पुढे सरकवायला' कुणी पैसे मागितले तर तिथून उठायचं, हे स्पष्ट सांगा.

कल चाचण्यांचं काय? मानसशास्त्रज्ञ हॉलंड यांनी आवडीनुसार पाडलेल्या माणसांच्या सहा प्रकारांवर बेतलेल्या चाचण्या दहावी-बारावीच्या मुलांशी बोलणं सुरू करायला बऱ्या. पंचेचाळिशीचा माणूस मात्र आवडीपेक्षा भीतीने खुणा करतो, आणि 'सुरक्षित' वाटेल तो पर्याय निवडतो. आमच्या मते या वयात चाचणी तिसऱ्या बैठकीआधी काढूच नये. बऱ्याचदा लागतही नाही.

तिसऱ्या बैठकीत वीस नावांची यादी: बदली होऊन गेलेले सुपरवायझर, व्हेंडरकडची माणसं, कँटीनचा ठेकेदारसुद्धा. त्याला कितीतरी कंपन्यांच्या आतल्या खबरी असतात. फोनवर "नोकरी आहे का?" विचारलं की समोरचा अवघडतो आणि "बघतो" म्हणून ठेवतो. "तुमच्याकडे सीएमएमवर (सुटे भाग मोजायच्या मशीनवर) माणसं कुठून घेतात?" असं विचारलं तर तो सांगत बसतो. पहिले दोन फोन तुमच्यासमोर लावून घ्या. दोन फोन झाले की जीभ सैल होते.

पुढे दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटांचा फोन. नोकरी लागली की फाइल बंद करणं ही समुपदेशकाची नेहमीची चूक. पहिल्या सहा आठवड्यांतच माणूस सोडून येण्याचा धोका मोठा असतो, कारण नवा साहेब अठ्ठावीस वर्षांचा असतो आणि सगळ्यांसमोर अरेतुरे करतो. म्हणून पहिल्या पगाराच्या दिवशी फोन करा. पगार हातात किती आला, पीएफ जुन्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर) जमा होतोय का आणि डबा कुणासोबत खातो, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला "एकटाच" असं उत्तर आलं, तर पुढचा फोन पंधरा दिवसांनी नको, त्याच आठवड्यात लावा.