पऱ्हाटीवर (कपाशीवर) प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक फवारताना

बाटली उघडण्याआधी शेतभर फिरून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. दोन किंवा जास्त बोंडांत जिवंत गुलाबी अळी निघाली तरच फवारा. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ही पाहणी दर आठवड्याला हवी.

प्रोफेनोफॉस 50 ईसी (द्रावकात विरघळवलेलं 50 टक्के औषध) 10 लिटर पाण्याला 20 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पाठीवरच्या पंपाला 30 मिली. मापानेच घ्या, झाकणाचा अंदाज फसतो. पंप अर्धा भरा, औषध ओता, काडीने ढवळा, मग उरलेलं पाणी घाला. पाण्याचा सामू (pH) 8 च्या वर असेल तर औषधाचा जोर लवकर ओसरतो, तेव्हा कालवलेलं द्रावण ठेवून देऊ नका. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात तर ते मुळीच मिसळू नका.

हे विष कातडीतूनही अंगात जातं. बाटलीतलं औषध फवाऱ्याच्या द्रावणापेक्षा 500 पट तीव्र असतं, त्यामुळे सगळ्यात जास्त धोका ओतताना असतो. तेव्हा नायट्राइल रबराचे हातमोजे हवेतच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जीव गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की तुषार थेट छाती-तोंडावर येतात, म्हणून एवढ्या उंच पिकात शिरून फवारूच नये. एरवी वारा पाठीशी ठेवा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मास्क घाला. भर उन्हात फवारू नका. घामेजलेल्या कातडीतून विष जास्त शोषलं जातं. नोझल तुंबलं तर ब्रशने साफ करा, तोंडाने फुंकू नका. भिजलेला सदरा तिथल्या तिथे बदला.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, लाळ-घाम सुटला, उलटी झाली, स्नायू फडफडले की पंप उतरवा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालून कपडे काढावेत आणि अंग साबणाने धुवावं. औषध पोटात गेलं असेल तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका: ईसीमधला द्रावक फुप्फुसात जाऊ शकतो. 108 ला फोन लावा, बाटलीचं लेबल सोबत न्या. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन हे विषावरचं औषध मिळाल्यावर माणूस सावरलेला दिसतो, पण 1 ते 4 दिवसांत श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. डॉक्टर सोडेपर्यंत त्याला घरी आणू नका.