गंभीर न्यूमोनियानंतर घरी आल्यावर: दम, अंघोळ आणि मांड्यांची ताकद

पेशंट खाटेवर बसलेला असतो, ऑक्सिमीटर ९६ दाखवतो आणि घरातले निर्धास्त होतात. बाथरूमला जाऊन आल्यावर तोच आकडा ८८ निघू शकतो. त्यामुळे श्रमानंतरचा ऑक्सिजन मोजल्याशिवाय हालचाल वाढवू नका.

आधी पाच मिनिटं शांत बसवा. नेलपॉलिश काढा, हात गार असेल तर चोळून गरम करा. आकडा स्थिरावला की लिहून ठेवा. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हात छातीशी दुमडून, झेपेल त्या वेगाने एक मिनिट उठबस करू द्या. शेजारी कुणीतरी उभं हवंच. मिनिट संपल्यावर मशीन लगेच काढू नका. सर्वांत कमी आकडा बऱ्याचदा बसल्यानंतर दिसतो. तो ४ किंवा जास्तने उतरला किंवा ९० च्या खाली गेला, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बसल्या जागीच ९२ च्या खाली असेल, छातीत दुखत असेल किंवा घरी ऑक्सिजन चालू असेल, तर ही चाचणी घरी करू नका. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांचे आकडे वेगळे असतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये पुष्कळजण फुंकर मारतात. ते श्वास आत ओढायचं यंत्र आहे. पूर्ण श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा आणि चेंडू तीन सेकंद वर धरून ठेवा. तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एकच चेंडू जास्त वेळ वर राहिलेला चांगला. मध्ये थांबत दहा वेळा करा. चक्कर आली तर सोडून द्या.

दम सगळ्यात जास्त लागतो तो अंघोळीत: उभं राहणं, वाकणं, हात डोक्यावर नेणं, वर कोंदट वाफ. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करा, बादली पाटावर ठेवा, दार किलकिलं राहू द्या. अंग पुसण्यातही दम जातो, म्हणून मोठा टॉवेल पांघरून दोन मिनिटं नुसतं बसा. भारतीय संडास असेल तर काही आठवडे कमोडची खुर्ची आणा. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही.

दम लागला की कोपरं मांड्यांवर टेकून पुढे झुका. नाकाने दोन आकडे मोजत श्वास आत, शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून चार आकडे मोजत बाहेर. उठताना, जिना चढताना जोर लावायचा तो श्वास सोडतानाच.

फुप्फुसं सुधारली तरी जिना जड जातो, कारण अंथरुणात मांड्या वाळतात. नुसत्या पेजेवर त्या भरून येत नाहीत. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत फारच थोडी. किडनीचा आजार असेल तर आधी विचारा. पोट गच्च भरलं की दम वाढतो, म्हणून थोडं थोडं सहा वेळा द्या.

चालणं पाच मिनिटांपासून, दिवसात तीनदा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी माणूस गळून पडला, तर वेळ निम्मी करा. स्टेरॉइडची गोळी मात्र बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

एकच पोटरी सुजली, अचानक दम वाढला, छातीत टोचलं, थुंकीत रक्त आलं, ओठ निळसर पडले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.