फंक्शनला ‘आरएम’ नाव देऊ नका

‘आरएम’ ही फाइल कायमची पुसणारी कमांड. अंधेरीच्या ऑफिसात माझ्या मशीनवर बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये, मी ‘आरएम’ नावाचंच फंक्शन (स्वतः बनवलेली कमांड) लिहून ठेवलं होतं. फाइल पुसायची नाही, ट्रॅश फोल्डरमध्ये हलवायची. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने ते उचललं. आरएम केलेलं परत मिळतं, ही सवय तिच्या बोटांत बसली. एका रात्री तिने नव्या सर्व्हरवर आरएम चालवलं. तिथे माझं फंक्शन नव्हतं. घाटकोपरला मेट्रोतून उतरत होतो, तेव्हा तिचा फोन आला: “सर, ट्रॅशमध्ये काहीच दिसत नाहीये.” गेलं ते गेलंच. चूक तिची नव्हती, मी ठेवलेल्या नावाची होती.

म्हणून, वागणं बदललं की नाव बदलायचंच. तेच फंक्शन आता ‘ट्रॅश_फाइल’ आहे. ज्या सर्व्हरवर ते नसेल तिथे शेल ‘कमांड सापडली नाही’ म्हणतो आणि फाइल जागेवर राहते. चुकलं तरी नुकसान नाही, असं नाव हवं.

वागणं तेच, फक्त लॉगची, म्हणजे काय केलं त्याच्या नोंदीची, भर असेल, तर मूळ नाव ठेवून त्याआधी उपसर्ग लावा: फाइल हलवणाऱ्या ‘एमव्ही’चं ‘लॉग_एमव्ही’. मूळ नावच ठेवणं भाग असेल, तर आत ‘कमांड एमव्ही’ लिहा, म्हणजे फंक्शन टाळून मूळ एमव्ही चालतं. नाहीतर फंक्शन स्वतःलाच बोलावत बसतं.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत हे छान जमलंय. ‘रीड’ बफरमधून (आधीच वाचून मेमरीत ठेवलेल्या साठ्यातून) वाचतं, ‘सिसरीड’ बफर टाळून थेट सिस्टिमकडून. नावातच इशारा आहे. पायथन भाषेत मात्र साधं ‘ओपन’ वाचता-लिहिता येणारं फाइल ऑब्जेक्ट देतं आणि ओएस मॉड्यूलमधलं (तयार फंक्शनांच्या संचातलं) ‘ओपन’ उघडलेल्या फाइलचा नुसता आकडा. त्या मॉड्यूलमधलं सगळं स्टार लावून इम्पोर्ट केलं, की साधं ओपन झाकलं जातं. म्हणून ‘ओएस.ओपन’ असं मॉड्यूलचं नाव आधी राहू द्या.

अपयशाचं काय, हेही नावात यावं. मी ‘ट्राय_’ आणि ‘मस्ट_’ वापरतो. ‘सीडी’ ही फोल्डर बदलायची कमांड. ‘ट्राय_सीडी’ फक्त स्टेटस, म्हणजे जमलं की नाही, एवढं परत देतं. ‘मस्ट_सीडी’ फोल्डर नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवतं. पुढच्या ओळीत फाइल पुसायच्या असतील, तर मस्टच हवं, कारण सीडी फसूनही स्क्रिप्ट पुढे गेली, तर आधीच्याच फोल्डरमधल्या फाइल पुसल्या जातात.

नाव पक्कं करण्याआधी ‘टाइप -ए’ या कमांडने ते आधीच कुणाचं आहे का पाहा. आणि तुमच्याकडेही तसलं ‘आरएम’ असेल, तर ‘अनसेट -एफ आरएम’ करून ते फंक्शन काढा, बॅशआरसीमधूनही (बॅश सुरू होताना वाचतं त्या फाइलमधूनही) आजच काढा.